एका दरिद्रगृहाची वास्तू

रायपूरच्या मध्यवस्तीत डी. के. रुग्णालय या नावाने सर्वांस परिचित असलेली एक इमारत आहे. दाऊ कल्याणसिंह या दानशूर गृहस्थांच्या नावाची ही आद्याक्षरे. कित्येक वर्षे तेथे रोग्यांच्या खाटा होत्या. सन २००० मध्ये छत्तीसगड राज्य निर्माण झाले, नव्या राज्याच्या मंत्रालयास जागा हवी होती, म्हणून खाटा हलल्या आणि तेथे सचिवांची टेबले आली. पुढे मंत्रालय नव्या रायपुरात गेले, आणि २०१८ मध्ये त्याच इमारतीत पुन्हा रुग्णालय सुरू झाले. भनपुरीसारख्या कारखान्यांच्या व गोदामांच्या वस्तीतून एखादा मजूर आजारी पडून शहरात येतो, तेव्हा त्याला येथे काय किंवा दुसऱ्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात काय, रांगेत तिष्ठावे लागते, कागद दाखवावे लागतात, हे खरे. परंतु आत शिरताना अंगावरची वस्त्रे उतरवून संस्थेचा पोशाख चढवावा लागत नाही, आणि बायकोला एका अंगणात व मुलांना दुसऱ्या अंगणात पाठवून त्याची त्यांच्यापासून ताटातूट केली जात नाही.

ही गोष्ट आपणांस इतकी स्वाभाविक वाटते की, तिचा उल्लेख करणेही विचित्र वाटावे. तथापि एके काळी, जगातील सर्वांत धनाढ्य समजल्या जाणाऱ्या नगरीत, आजारी मजुराच्या वाट्याला नेमके हेच येत असे. त्याची साक्ष देणारी एक वास्तू लंडन शहरात अद्याप उभी आहे. आमच्या डी. के. रुग्णालयाप्रमाणे तिनेही आपले रूप वारंवार पालटले. ती प्रथम दरिद्रगृह होती, मग रुग्णाश्रम झाली, मग एका प्रख्यात रुग्णालयाचा भाग बनली. या लेखात तिची ओळख करून द्यावयाची आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. इंग्रजीतील ‘वर्कहाऊस’ या शब्दाला प्रतिशब्द देताना भाषांतरकाराची मोठी पंचाईत होते. ‘धर्मशाळा’ म्हणावे तर वाटसरूच्या मुक्कामाचा आणि दात्याच्या पुण्याचा भाव मनात येतो. ‘अनाथालय’ म्हणावे तर आईबाप हयात असलेली मुलेही तेथे होती, किंबहुना ती त्याच इमारतीच्या दुसऱ्या भागात होती. ‘श्रमगृह’ हा शब्दशः तर्जुमा झाला, पण श्रमाला आपल्याकडे जी प्रतिष्ठा चिकटली आहे ती त्या जागेला मुळीच नव्हती. ‘गरीबखाना’ हा उत्तरेकडील शब्द त्यांतल्या त्यांत जवळचा. परंतु रायपूरचे शेजारी ‘कधी आमच्या गरीबखान्यात या’ असे म्हणून आपल्या उत्तम बांधलेल्या घरी चहाला बोलावतात, तेव्हा तोही शब्द हातचा जातो! म्हणून येथे ‘दरिद्रगृह’ असा रोखठोक शब्द वापरला आहे.

लंडनच्या मध्यभागी क्लीव्हलंड स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. टपाल खात्याचा जो उंच मनोरा १९६५ मध्ये खुला झाला आणि त्या शहराच्या छायाचित्रांत हटकून दिसतो, तो याच रस्त्यावर. मनोऱ्यापासून थोड्याच अंतरावर एक चौमजली, विटांची, कमालीची साधी इमारत आहे. कव्हेंट गार्डन येथील सेंट पॉल या धर्मविभागाने ती १७७५ ते १७७८ या काळात बांधली. एडवर्ड पामर हा तिचा वास्तुकार. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीतील १६०१ च्या कायद्याने प्रत्येक धर्मविभागावर आपापल्या हद्दीतील निराधारांच्या पोषणाचा भार टाकला होता, व त्यासाठी रहिवाशांकडून कर घेतला जात असे. कव्हेंट गार्डनची वस्ती दाट; तेथे मोकळी जागा मिळणे कठीण. म्हणून त्या काळी शहराच्या कडेला असलेल्या या जागेवर, दुसऱ्याच धर्मविभागाच्या हद्दीत, आपल्या गरिबांसाठी घर उभारण्यात आले. आपले दारिद्र्य दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवण्याची ही युक्ती केवळ लंडनकरांचीच आहे, असे मात्र कोणी समजू नये.

इमारतीचा तलविन्यास इंग्रजी ‘एच्’ या अक्षरासारखा आहे. मध्ये आडवा भाग आणि दोन्ही टोकांना पुढेमागे निघालेली पाखे, अशी ही रचना. असा आकार देण्यात दोन सोयी असतात. इमारत फार रुंद होत नाही, म्हणून खोल्यांना उजेड मिळतो, ही एक. आणि एक पाखे पुरुषांना व एक स्त्रियांना देऊन मधल्या भागातून दोहोंवर नजर ठेवता येते, ही दुसरी. पाख्यांच्या बेचक्यांत आपोआप अंगणे तयार होतात. विटांच्या सपाट भिंती, त्यांत सारख्या अंतराने ओळीने बसविलेल्या सरकत्या तावदानांच्या खिडक्या, वर उतरते छप्पर. स्तंभ नाहीत, नक्षी नाही, कोठे एखादी पुष्पमाला कोरलेली नाही. त्याच शतकात लंडनमध्ये जे सुखवस्तू लोकांचे वाडे झाले, त्यांच्याही भिंती विटांच्याच. परंतु त्यांच्या दारांना कमान, दारावर पंख्याच्या आकाराचे तावदान, जिन्याला कठडा असे काही ना काही लेणे असे. येथे कर भरणाऱ्याच्या खिशातून येणारा प्रत्येक शिलिंग मोजला जात होता.

अपवाद एकच. प्रवेशद्वाराच्या वर एका वृद्धाची आकृती बसविलेली होती, आणि तिचे बोट एका लेखाकडे वळलेले होते. त्या लेखाचा आशय असा की, आळस आणि मद्यपान टाळा. म्हणजे दारातून आत येणाऱ्या विधवेला, पोरक्या मुलाला किंवा वार्धक्याने वाकलेल्या मोलकरणीला त्या घराने सांगितलेली पहिली गोष्ट ही, की तुझ्या दैन्याचे कारण तूच आहेस. साऱ्या इमारतीत शोभेवर जो काही खर्च झाला, तो एवढे सांगण्यासाठी!

पुढे १८३४ मध्ये इंग्लंडात दरिद्री लोकांसंबंधी नवा कायदा झाला. त्यामागचे तत्त्व थोडक्यात असे होते: बाहेर कष्ट करून पोट भरणाऱ्या अगदी हलक्या मजुराची जी स्थिती, तिच्याहून दरिद्रगृहातील माणसाची स्थिती अधिक चांगली असता कामा नये, एरवी लोक काम सोडून तेथेच येऊन राहतील. घरी बसून मिळणारी मदत शक्य तेथे बंद करावी व मागणाऱ्याने भिंतीच्या आत यावे, असे ठरले. धर्मविभागांचे गट पाडण्यात आले. क्लीव्हलंड स्ट्रीटची इमारत १८३६ मध्ये ‘स्ट्रँड’ नावाच्या गटाकडे गेली. पुरुष, स्त्रिया, मुले यांचे वर्ग करून प्रत्येक वर्गाला वेगळा विभाग व वेगळे अंगण द्यावे, असा दंडक घालण्यात आला. पती-पत्नींची व माय-लेकरांची ताटातूट ही या व्यवस्थेची चूक नव्हती, तो तिचा हेतूच होता.

हा हेतू साधण्यास वास्तुशास्त्र मदतीला धावून आले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सॅम्प्सन केम्पथॉर्न या तरुण वास्तुकाराने १८३५ मध्ये दरिद्रगृहांचे आदर्श आराखडे तयार करून दिले. एका आराखड्यात चौकोनाच्या आत क्रूस, दुसऱ्यात षट्कोन. मध्यभागी व्यवस्थापकाचे दालन आणि त्याच्या खिडक्यांतून सर्व अंगणांवर नजर. इंग्लंडात अनेक ठिकाणी या नमुन्यांवर इमारती उठल्या. क्लीव्हलंड स्ट्रीटला नवी इमारत बांधण्याची गरज पडली नाही. जुन्या घरातच भिंती घालून, अंगणे विभागून नवा कायदा बसविण्यात आला.

या रस्त्याशी एका थोर कादंबरीकाराचा संबंध आहे, हे अलीकडेच उजेडात आले. चार्ल्स डिकन्स याचे कुटुंब त्याच्या बालपणी, म्हणजे १८१५ च्या सुमारास, आणि पुन्हा १८२९ च्या सुमारास याच रस्त्यावरील एका घरात राहत होते. दरिद्रगृह तेथून काही दारे सोडून पलीकडे. रस्त्याच्या त्या भागाचे नाव त्या काळी नॉर्फोक स्ट्रीट असे होते व घराचा क्रमांकही निराळा होता, म्हणून चरित्रकारांचे लक्ष या निकटतेकडे गेले नव्हते. रूथ रिचर्डसन या संशोधक विदुषीने जुने क्रमांक व नवे क्रमांक ताडून ती गोष्ट सिद्ध केली. त्याच परिसरात विल्यम साइक्स नावाचा एक दुकानदार होता, हेही त्यांना आढळले. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ वाचलेल्यांना या नावाची ओळख सांगावयास नको. डिकन्सने आपले दरिद्रगृह लंडनबाहेरील एका गावी कल्पिले आहे, तेव्हा अमुक इमारत म्हणजेच कादंबरीतील इमारत, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण जाणत्या वयाचा होताना ज्याच्या घरावरून त्या दाराकडे माणसे जात-येत होती, त्याला ती दिसली नसतील, असेही म्हणवत नाही.

या वास्तूचा खरा वृत्तांत आपल्याला मिळतो तो कादंबरीकाराकडून नव्हे, एका डॉक्टराकडून. जोसेफ रॉजर्स हे १८५६ मध्ये येथे वैद्यकीय अधिकारी म्हणून नेमले गेले. वेतन वर्षाला ५० पौंड. आणि त्यातूनच रोग्यांच्या औषधांचा खर्च भागवावयाचा! म्हणजे औषध जितके अधिक द्यावे तितका डॉक्टर अधिक गरीब व्हावा, अशी ही योजना. रॉजर्स यांच्या आठवणी त्यांच्या निधनानंतर, १८८९ मध्ये, प्रसिद्ध झाल्या. त्या वाचताना आपण एका जाणत्या माणसाबरोबर इमारतीच्या मजल्यामजल्यांतून फिरत आहोत असे वाटते.

कपडे धुण्याची जागा भोजनगृहाच्या खाली तळघरात होती. धुण्याच्या दिवशी मळक्या कपड्यांची वाफ व दुर्गंध वर चढून जेवणाऱ्यांच्या पानापर्यंत पोचत असे. बाळंतिणींच्या खोलीच्या खालच्याच मजल्यावर वेड लागलेल्यांना ठेवलेले. लहान मुलांची खोली दमट. आणि पुरुष रोग्यांच्या खिडक्यांलगतच्या अंगणात गालिचे झोडपण्याचे काम चाले. आसपासच्या श्रीमंत घरांतील गालिचे तेथे आणावयाचे, दोऱ्यांवर टाकून काठ्यांनी झोडावयाचे, आणि त्यातून संस्थेच्या तिजोरीत भर घालावयाची. त्या धुळीमुळे रोग्यांना खिडक्या उघडता येत नसत व त्या आवाजाने झोप लागत नसे. रॉजर्स यांनी याविरुद्ध तक्रारी केल्या. परंतु उत्पन्न बुडते म्हणून विश्वस्त मंडळी ते काम बंद करण्यास राजी होईनात.

शुश्रूषा कोण करी? रोग्यांची देखभाल दरिद्रगृहातल्याच म्हाताऱ्या, थकलेल्या स्त्रियांकडे असे. त्यांना पगार नाही. त्याऐवजी थोडे बरे जेवण, बियरचा पेला, आणि प्रेताला स्नान घालण्यासारख्या कामाबद्दल जिनचा घोट. दारावर ‘मद्यपान टाळा’ आणि आत मोबदला मद्याचा! पगारी परिचारिका मिळविण्यासाठी रॉजर्स यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले.

वस्तुतः घोटाळ्याचे मूळ इमारतीच्या हेतूतच होते. ते घर बांधले होते धडधाकट पण आळशी अशा कल्पित माणसासाठी. त्याला तेथे राहणे नकोसे व्हावे म्हणून भिंती उंच, खोल्या कोंदट, अंगणे अरुंद. प्रत्यक्षात तेथे राहणाऱ्या पाचशेच्या आसपास माणसांत धडधाकट अगदी थोडे. बाकीचे आजारी, अपंग, वृद्ध, बाळंतिणी आणि मुले. लंडनची मोठी धर्मादाय रुग्णालये दीर्घ आजाराचे आणि असाध्य रोगी घेत नसत. ते सारे दरिद्रगृहात येत. म्हणजे कागदोपत्री दरिद्रगृह असलेले हे घर नकळत रुग्णालय झाले होते, मात्र त्याच्या एकाही भिंतीला ते ठाऊक नव्हते.

ही गोष्ट जगासमोर आली ती एका मृत्यूमुळे. टिमथी डेली नावाचा एक मजूर होलबर्न येथील दुसऱ्या एका दरिद्रगृहात संधिवाताच्या तापाने पडून होता. हेळसांडीमुळे त्याच्या अंगाला खोल व्रण पडले, आणि १८६४ च्या डिसेंबरात तो दगावला. वृत्तपत्रांनी प्रकरण उचलून धरले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने १८६५ मध्ये स्वतःची चौकशी समिती नेमून लंडनमधील दरिद्रगृहांचे रुग्णकक्ष पाहून घेतले. रॉजर्स यांनी सुधारणेसाठी जी संस्था काढली तिला डिकन्सने पाठिंबा दिला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी मंत्र्यांकडे लकडा लावला, की आजारी मनुष्य हा आजारी आहे. तो गरीब आहे की नाही हा प्रश्न त्याच्या खाटेपाशी गैरलागू आहे. १८६७ मध्ये कायदा झाला. लंडनमधील आजारी गरिबांसाठी स्वतंत्र रुग्णाश्रम काढण्याची तरतूद त्यात होती. रॉजर्स यांना मात्र पुढच्याच वर्षी विश्वस्तांनी कामावरून दूर केले.

कायद्याचा परिणाम विटांवर कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. नाइटिंगेल बाईंचे रुग्णालयांवरील पुस्तक १८५९ मध्ये निघाले होते. त्यात त्यांनी रुग्णकक्ष कसा असावा हे गवंड्याला समजावे इतक्या तपशिलाने सांगितले आहे. लांब, एकसलग दालन. दोन्ही बाजूंच्या भिंतींत समोरासमोर खिडक्या, म्हणजे वारा आरपार जाईल. दोन खाटांमागे निदान एक खिडकी. दर रोग्याला सुमारे दीड हजार घनफूट हवा. एका दालनात तीसेक खाटा, म्हणजे एका परिचारिकेची नजर सर्वांवर राहील. येथेही नजर आहेच. परंतु केम्पथॉर्नच्या आराखड्यातील नजर कैद्यावरची आहे आणि ही रोग्यावरची, एवढा फरक आहे. अशी दालने एकमेकांपासून सुटी ठेवून ओवरीने जोडावयाची, ही पद्धत मग युरोपभर रूढ झाली. क्लीव्हलंड स्ट्रीट येथील वास्तू १८७० नंतरच्या दशकात केवळ आजारी गरिबांसाठी राखण्यात आली, आणि जुन्या घराच्या मागील बाजूस या नव्या धर्तीचे कक्ष उभे राहिले. जुना ‘एच्’ तसाच राहिला. आजही नकाशा पाहिला, तर शंभर वर्षांच्या अंतराने माणसाविषयीचे दोन विचार पाठीला पाठ लावून उभे असल्याप्रमाणे दिसतात.

लंडनमध्ये हा झगडा चालू होता, नेमक्या त्याच वर्षांत आपल्याकडे पुण्याला ससून रुग्णालय उभे राहत होते. १८६३ मध्ये पायाभरणी, १८६७ मध्ये काम पुरे. बगदादहून मुंबईला आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली. इमारत पुरी झालेली पाहण्यास ते राहिले नाहीत, १८६४ मध्ये पुण्यासच वारले. आराखडा विल्किन्स या लष्करी अभियंत्याचा. मुंबईचे जुने सचिवालयही त्यांचेच. गॉथिक घाटाची ती दगडी वास्तू पाहिली, की क्लीव्हलंड स्ट्रीटशी तिचा विरोध चटकन डोळ्यांत भरतो. दात्याने आपले नाव दिले होते, त्यामुळे गरिबांसाठीच्या त्या घराला सौंदर्य वर्ज्य नव्हते. याच रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले, आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल.

याचा अर्थ दरिद्रगृहाची कल्पना समुद्र ओलांडून आलीच नाही, असा नव्हे. दुष्काळ आयोगाच्या १८८० च्या अहवालानंतर सरकारने दुष्काळासंबंधी जे नियम केले, त्यांत काम करू न शकणाऱ्या निराश्रितांसाठी ‘गरीबखाने’ काढण्याची तरतूद होती. आवाराला कुंपण, स्त्री-पुरुषांना वेगळ्या झोपड्या, आजाऱ्यांसाठी बाजूला रुग्णकक्ष, अशी त्यांची मांडणी. तिच्यात इंग्लंडातील नियमांचा वास ओळखू येतो. त्या काळी रायपूर व छत्तीसगडचा मुलूख नागपूरहून चालणाऱ्या मध्यप्रांतात मोडत असे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत या प्रांताची जी दैना झाली, तिच्या कहाण्या जुन्या घरांतून अजून ऐकू येतात. लोक गरीबखान्यात जाण्यास नाखूष असत. जातीचा धाक, परक्या हातचे अन्न आणि कुंपणाची लाज, या तिन्ही गोष्टी आड येत. ते गरीबखाने बांबू, गवत आणि चटया यांचे होते. पाऊस पडला, पीक आले, आणि ते नाहीसे झाले. त्यांची एकही भिंत पाहावयास उरली नाही, कारण त्यांना भिंतीच नव्हत्या.

क्लीव्हलंड स्ट्रीटची भिंत मात्र उरली, आणि तीही थोडक्यात वाचली. १९२० नंतरच्या दशकात शेजारच्या मिडलसेक्स रुग्णालयाने ती जागा घेतली. पुढे अनेक वर्षे तेथे त्या रुग्णालयाचा बाह्य रुग्णविभाग होता. ज्या दारातून लोक एके काळी खालमानेने आत जात, तेथून लंडनचे नागरिक कार्ड हातात घेऊन तपासणीस जाऊ लागले. २००५ च्या सुमारास मिडलसेक्स रुग्णालय बंद झाले. त्याची मुख्य इमारत पाडली गेली. आतले सोनेरी प्रार्थनामंदिर तेवढे राखले. दरिद्रगृहावरही कुदळ पडणार, असा रंग दिसू लागला. इमारत कुरूप आहे, तिच्यात शोभेचे काही नाही, आणि आठवणी तर सगळ्या दुःखाच्या, असा पाडू म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद. रिचर्डसन बाईंचे संशोधन नेमके याच वेळी पुढे आले. इतिहासप्रेमी आणि आसपासचे रहिवासी यांनी आग्रह धरला, आणि मार्च २०११ मध्ये सरकारने तिला संरक्षित वास्तूंच्या यादीत घेतले. कुरूप म्हणून जी पाडावयाची, तिच्या कुरूपतेचेच कारण अशा रीतीने तिच्या रक्षणास उपयोगी पडले. जॉर्जियन काळातील इतक्या पूर्णावस्थेत असलेली दरिद्रगृहे लंडनमध्ये आता फारच थोडी आहेत.

त्यानंतर मागच्या बाजूच्या आवारात उत्खनन झाले. तेथे त्या धर्मविभागाची दफनभूमी होती. आयुष्यभर कव्हेंट गार्डनच्या बाजारात भाजीच्या पाट्या वाहिलेली, दुसऱ्याच्या घरी धुणी धुतलेली माणसे तेथे नावाच्या दगडावाचून पुरली गेली होती. पुरातत्त्वज्ञांनी त्यांच्या अस्थी काळजीपूर्वक बाहेर काढल्या आणि अभ्यासिल्या. मग आवारात नवी घरे उभी राहिली, जुन्या ‘एच्’मध्ये दुरुस्ती करून सदनिका केल्या गेल्या, आणि या योजनेतील काही घरे बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखली गेली. अंगणांतल्या मधल्या भिंती आता नाहीत. गालिच्यांच्या धुळीमुळे ज्या खिडक्या रॉजर्स यांच्या रोग्यांना उघडता येत नसत, त्यांच्या मागे आज पडदे लागले आहेत, आणि नवरा, बायको व मुले एकाच घरात राहत आहेत.